रिकामी फेरी

आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत कुणालाही कुठे फिरायला जायचं असलं, की आधी दुसऱ्या मजल्यावर जायचं असा शिरस्ता आहे. तिथे रंगनाथ गावंडे राहतात. तुम्ही सिक्कीमला जा, हंपीला जा, नाहीतर नुसते भीमाशंकरला जा. गावंडे तुमच्या हातात चार पानांचा आराखडा ठेवतात. कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसायचं, कितव्या वळणावर मळमळायला लागेल, कुठला चहा प्यायचा आणि कुठला नुसता बघायचा, सगळं त्यात असतं. मी एकदा गंगटोकहून चिडून फोन केला होता, की तुम्ही लिहिलेलं मोमोचं दुकान इथे नाहीच. "हेमाताई, आपण रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभ्या आहात. मागे वळा," असं ते शांतपणे म्हणाले. वळले, तर दुकान समोर. त्याचा राग मला अजून आहे.

राग येण्याचं खरं कारण वेगळंच. हा माणूस सिक्कीमला कधी गेलेला नाही. हंपीला नाही, भीमाशंकरलाही नाही. दारव्ह्याहून पुण्याला आला तो प्रवास सोडला, तर गावंड्यांनी कुठलाही प्रवास म्हणून केलेला नाही.

नोकरी एसटीत. वेळापत्रकं तयार करायची, आणि मग चौकशीच्या खिडकीत बसून तीच लोकांना सांगायची, असं तीस-बत्तीस वर्षं चाललं. नव्या मार्गावर गाडी सोडायची तर आधी एक रिकामी फेरी मारून बघावी, हा त्यांचा हट्ट. गाडीत प्रवासी नाहीत, फक्त चालक, वाहक आणि घड्याळ. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं, मिनिटं लिहायची, आणि मगच वेळापत्रक पक्कं करायचं. खात्यातले लोक कंटाळायचे म्हणे. मला नवल वाटत नाही.

निवृत्तीनंतर ही सगळी शिस्त घरात आली. स्वतःच्या सहलींसाठी त्यांनी एकतीस फायली केल्या होत्या. प्रत्येक फायलीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने: सुटण्याची वेळ, उशीर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकतीस वेळा "रद्द" आणि पुढे कारण. गणपतीपुळे: घाटात दुरुस्ती चालू. दार्जिलिंग: छोटी रेल्वे वाटेत थांबू शकते. राजस्थान: उंटाच्या वेळेची खात्री देता येत नाही. हे शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. उशिराचा रकाना मात्र सगळीकडे कोरा. गाडी सुटलीच नाही तर उशीर कसला व्हायचा?

या सगळ्याची झळ बसायची ती त्यांच्या बायकोला, कौशल्यावहिनींना. त्या माहेरच्या दिग्रसच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला छत्तीस वर्षं झाली, आणि त्यातली तीस त्यांनी साड्यांना फॉल-पिको करत शिलाई मशीनच्या पायडलवर काढली. समुद्र त्यांनी जन्मात एकदा पाहिला होता, मुंबईला एका लग्नाला जाताना टॅक्सीतून. तोही मध्येच मोठा जाहिरातीचा फलक आला म्हणून अर्धाच. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील. जूनची तारीखही ठरली.

त्याच सुमारास त्यांच्या मुलीने, रुपालीने, आईला फोनवर एक चित्रफीत दाखवली. रुपाली खराडीला आयटीत आहे, रविवारी येते. जपानच्या पार दक्षिणेला ओकिनावा नावाची बेटांची लांब माळ आहे. तिथे नव्वदीच्या बायका समुद्रालगतच्या परसात उकिडव्या बसून भाजी खुडतात आणि वर खो-खो हसतात, असं त्या चित्रफितीत होतं. वहिनींनी ती चार वेळा पाहिली.

"या बाईचे गुडघे पाहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला हिला भेटायचंय. आणि हे माझे स्वतःचे आहेत तोवर मला वाळूत चालायचंय. चार दिवस न्या. जूनच्या आधी."

वहिनींनी लग्नानंतर काही मागितल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यामुळे बत्तिसावी फाईल उघडली तेव्हा मी मनातून खूश झाले होते, हे कबूल करते.

फाईल सुरेखच झाली. मार्च महिना, कारण तिथे तेव्हा ना उकाडा ना थंडी. चार रात्री. मोठ्या बेटावर उतरायचं, दुसऱ्या दिवशी बोटीने धाकट्या बेटावर, तिथे वाळू, मग उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांच्या गावात अर्धा दिवस. प्रत्येक बसचा क्रमांक, प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या (वहिनींच्या गुडघ्यांसाठी), कुठल्या दुकानात मांस-मासळी नसलेलं काय मिळेल, ते सगळं. व्हिसासुद्धा आला. दोघांच्या पासपोर्टात चिकटून आला. फक्त तिकीट निघेना.

"एक त्रुटी आहे," गावंडे मला जिन्यात म्हणाले. "समुद्र खवळला तर धाकट्या बेटाची बोट सुटत नाही."

"मग दुसऱ्या दिवशीच्या बोटीने या."

"आणि तीही सुटली नाही तर?"

"तर तिथेच राहा, गावंडे. इमारतीला चालेल," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. असल्या बोलण्याची त्यांना सवय आहे. पेठेत छत्तीस वर्षं काढलीत. त्यांनी फाईल मिटली आणि सांगितलं, की आधी एक रिकामी फेरी घेऊ. म्हणजे सहलीच्या पहिल्या दिवसाची, घरापासून लोहगाव विमानतळाच्या दारापर्यंत, सामानासकट तालीम. वेळ बसली तर पुढच्या महिन्यात तिकिटाचं बघू. गाडी अर्थातच माझी, आणि चालकही मीच. मला विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वहिनी खाली माझ्याकडे आल्या, हातात पाटवडीच्या रश्शाचं पातेलं. पातेलं आलं म्हणजे काम मोठं आहे हे मी ओळखलं.

"हेमाताई, तालीम बाविसाव्या तारखेला ठेवलीय त्यांनी," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, बावीसला ठेवा, सोमवार आहे, रस्त्यावर खरी गर्दी लागेल. त्यांना पटलं."

"बरं मग?"

"मग काय. रुपालीनं बावीसचीच तिकिटं काढलीत. फाईलमध्ये लिहिलंय तेच विमान, तेच हॉटेल, तीच बोट. एक अक्षर बदललं नाही." त्यांनी रश्शावरचं झाकण काढलं. "तुम्ही फक्त गाडी नीट चालवा आणि तोंड मिटून ठेवा."

दुसरी गोष्ट मला कठीण आहे, हे अख्ख्या पेठेला माहीत आहे. पण रस्सा फार चांगला झाला होता.

पुढचे बारा दिवस मी जे भोगलं ते मलाच ठाऊक. गंमत अशी, की वहिनींना काही करावंच लागलं नाही. तालीम करायची तर पूर्ण करायची, या हट्टापायी गावंडेच सगळं खरं करत सुटले. दूधवाल्याला सहा दिवस दूध बंद सांगितलं, पेपर बंद केला. तुळशीला पाणी घालायची जबाबदारी माझ्यावर टाकली आणि किती पेले घालायचं ते लिहून दिलं. नळ बंद करायची, गॅस बंद करायची सराव परीक्षा घेतली. पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात, औषधं दिवसवार पुड्यांत.

"अहो, तालमीला औषधं कशाला?" मी न राहवून विचारलं. वहिनींनी जिन्याच्या कठड्याआडून माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"हेमाताई, रिकाम्या फेरीत फक्त प्रवासी नसतात. बाकी सगळं असावंच लागतं," गावंडे म्हणाले.

कपड्यांपुरती त्यांनी सवलत घेतली. उगाच घड्या मोडायला नकोत म्हणून दोन्ही बॅगांत मापून पंधरा-पंधरा किलो रद्दी भरली. सोमवारी सकाळी ते बिलं भरायच्या कामाला खाली उतरले, तेवढ्यात रुपालीने आणि मी मिळून ती रद्दी माझ्या पलंगाखाली ढकलली आणि कपडे भरले. वहिनींनी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या मध्ये खोचल्या. आता सगळं बिनबोभाट होणार असं वाटत होतं, पण मी एक गोष्ट विसरले होते. निघायच्या आधी ते बॅगांचं पुन्हा वजन करणार होते.

"ही बारा किलो भरतेय!" मी वर पोचले तर गावंडे काट्यापाशी ओरडत होते. "सकाळी पंधरा होती. रद्दीचं वजन कमी कसं होईल?"

"वाळली असेल," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग स्वयंपाकघरात गेले आणि पाट्यावरचा काळा दगडी वरवंटा टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. बॅगेची चेन चार बोटं उघडून त्यांनी तो आत सरकवला, आणि पुन्हा काट्यावर ठेवून समाधानाने मान हलवली. आत रद्दी नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सव्वाअकराला निघालो. गावंडे पुढे, मांडीवर फाईल, हातात घड्याळ. वहिनी मागे. त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती, पायात नवे कापडी बूट. रुपाली ऑफिसला जाते म्हणून आधीच सटकली होती. तिच्याच्याने चेहरा लपवला जात नव्हता. "हेमाताई, तिसरा टाका," "हेमाताई, लेन," असं ऐकत मी संगम पुलापर्यंत आले. त्यानंतर मी ऐकणं बंद केलं.

येरवड्याला तुरुंगाच्या अलीकडे सगळं ठप्प झालं. पुढे कुठेतरी टेम्पो बंद पडला होता. एक मिनिट गेलं, चार गेली, सात गेली. गावंडे दर मिनिटाला पेन्सिलीने टिंब काढत होते. आठव्या टिंबाला त्यांनी फाईल मिटली आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं असेल, तर सुटका. मी शेजारीच होते, मी ते पाहिलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"झालं," ते म्हणाले. "आठ मिनिटं उशीर. ही त्रुटी इथेच निघाली ते बरं झालं. पुढच्या चौकातून गाडी वळवा, घरी जाऊ. एप्रिलमध्ये बघू."

मी आरशातून मागे पाहिलं. वहिनींनी हातातली पिशवी एकदम घट्ट धरली होती. आता त्या सांगून टाकतील, आणि इथेच, तुरुंगाच्या भिंतीसमोर, बत्तिसाव्या फायलीवर "रद्द" पडेल, असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच निघाला.

"अहो, रिकामी फेरी मधूनच वळवता येते का?"

गावंडे मागे वळले.

"मी आपलं विचारलं. तुम्हीच सांगायचे ना, उशीर होवो नाहीतर काही होवो, रिकामी गाडी शेवटच्या थांब्याला लावायचीच. नाहीतर मिनिटं खोटी निघतात."

"हो. ते तसं आहे," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा फाईल उघडली. पुढचा टेम्पो हलला. मी चौकातून वळले नाही, आणि पुढचे सगळे सिग्नल इतक्या जोरात काढले, की त्यांनी दोनदा डोळे मिटले.

विमानतळाच्या दारासमोर मी गाडी लावली. ठरल्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी. गावंड्यांनी वेळ लिहिली, खाली रेघ ओढली आणि म्हणाले, "ठीक. आता परत."

वहिनी एव्हाना उतरल्या होत्या. एक बॅग त्यांनी स्वतः ओढली आणि सरळ दाराशी उभ्या असलेल्या जवानापुढे गेल्या. गावंडे दुसरी बॅग घेऊन धावले. मी गाडी तशीच सोडून त्यांच्या मागे. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, त्याला मी एका नजरेत गप्प केलं.

"टिकट दिखाइए," जवान म्हणाला.

"नहीं, नहीं. हम अंदर नहीं जाएंगे," गावंडे त्याला समजावू लागले. "ये सिर्फ ट्रायल है। हम दरवाजे तक आते हैं, टाइम देखते हैं, और वापस।"

जवानाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी पिशवीतून छापील तिकिटं आणि पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिले. त्याने नावं वाचली, चेहरे पाहिले आणि म्हणाला, "ठीक है। जाइए।"

गावंड्यांनी ते कागद त्याच्या हातातून घेतले. वाचले. पुन्हा फायलीशी ताडून वाचले. विमान तेच, वेळ तीच, हॉटेल तेच. कुठे एक अक्षर चुकलं असतं, तर ते वाचले असते.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही केलं. मी नुसतं छापून आणलं."

"आणि बॅगेत?"

"कपडे आहेत. एक वरवंटा आहे."

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले. ते बॅगेवर खाली बसले. बायकामाणसं ट्रॉल्या ढकलत बाजूने जात होती. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण हा माणूस घाबरलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. चिक्कू असेल, आळशी असेल, विक्षिप्त असेल, असंच मी धरून चालले होते.

"कौशल्या, मी त्या खिडकीत बसायचो ना," ते म्हणाले. "लोक माझं वेळापत्रक वाचून थांब्यावर उभे राहायचे. लेकरं कडेवर, गाठोडी डोक्यावर. आणि गाडी यायची नाही. मग खिडकीशी येऊन ते माझ्याकडे बघायचे. भांडले ते परवडले. काही लोक नुसते बघायचे. ती तोंडं मी बत्तीस वर्षं पाहिली. तुझं तोंड तसं झालेलं मला बघवलं नसतं. बोट नाही सुटली, तर तू तशी बघशील माझ्याकडे."

वहिनी ऐकत होत्या. त्या शहरात आल्यापासून शुद्ध बोलतात, फॉल लावून घ्यायला येणाऱ्या बायकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. माहेरची भाषा त्यांच्या तोंडी मी क्वचितच ऐकली आहे.

"छत्तीस वर्षं मी त्याच थांब्यावर उभी आहो," त्या म्हणाल्या. "माझं तोंड काऊन नाही दिसलं तुमाले?"

मग त्यांनी नवऱ्याच्या हातातून आपला पासपोर्ट आणि तिकीट काढून घेतलं, एक बॅग घेतली आणि त्या दारातून आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. गुडघ्यामुळे त्या थोड्या डुलत चालतात. मोरपंखी साडी गर्दीत लांबपर्यंत दिसत राहिली.

गावंडे उठले. त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. काय करू त्याचं, ते सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी लिहून न देता माझ्यावर सोपवलं. दाराशी त्यांनी जवानाला पासपोर्ट दाखवला, चार पावलं आत गेले, आणि पुन्हा बाहेर आले.

"हेमाताई, तुळशीला दोन पेले. तीन नाही."

"जा!" मी ओरडले. जवानसुद्धा दचकला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. समुद्र खवळला होता. धाकट्या बेटाची बोट सुटली नव्हती, आणि ते दोघं बंदरावरच्या बाकावर तीन तासांपासून बसले होते. "मग? कसं काय?" मी धास्तावून विचारलं. मागून वहिनींचं हसणं ऐकू येत होतं. "ती दशमी खातेय," गावंडे म्हणाले. "समुद्राकडे बघत बसलीय. माझ्याकडे बघतच नाहीये." एवढा आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

वाळू त्यांना दुसऱ्या दिवशी मिळाली, मोठ्या बेटावरच. फोटोत वहिनी घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या आहेत, साडीचा काठ भिजलेला, बूट गावंड्यांच्या हातात. म्हाताऱ्यांच्या गावातली एक चिमुकली आजीही दुसऱ्या फोटोत आहे. तिच्या मांडीवर आमच्या शनिवार पेठेतला वरवंटा आहे. वहिनींनी तो तिला देऊन टाकला. भाषा नव्हती, तर बसकण मारून वाटायचं कसं ते करून दाखवलं, आणि मग ती आजी आणि ह्या, दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांना हात लावून पाहिला म्हणे. घरी आल्यावर मात्र वहिनींनी दुसऱ्याच दिवशी गावंड्यांना नवा वरवंटा आणायला पिटाळलं.

मी घड्याळ परत द्यायला वर गेले, तेव्हा गावंडे घरात नव्हते. टेबलावर बत्तिसावी फाईल उघडी होती. परवानगी न घेता वाचायची मला सवय आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "फेरी पूर्ण. प्रवासी दोन."

शेजारी उशिराचा रकाना होता. तो पहिल्यांदाच भरलेला होता, त्यांच्या त्या नीटस, तिरक्या अक्षरात. "छत्तीस वर्षे."